खुर्चीवरचा टॉवेल

मी एक जुनी खुर्ची आहे. पण घरातली नव्हे, केस कापायच्या दुकानातली. मित्रांनो, मला हलवायचं म्हटलं तर चार माणसांच्या तोंडाला फेस येतो, एवढं आधीच सांगून ठेवते.

कारखान्यात माझा लोखंडी पाय ओतला, त्यावर लाल गादी चढवली आणि खाली पेडल बसवलं. पेडल दाबलं की मी वर जाते, सोडलं की 'फुस्स' करत खाली येते. नवी होते तेव्हा काय माझा थाट! केस कापून झाले तरी मुलं उतरायला तयार नसत. दुकानाच्या मालकांना सगळा रस्ता मामा म्हणतो. ते रोज सकाळी शीळ घालत मला पुसत.

मामांचा हात हलका आणि जीभ गोड. पण एक खोड फार वाईट. दारात काळ्या कातडीचा, दाट कुरळ्या केसांचा माणूस दिसला, की ते झटकन माझ्यावर टॉवेल टाकत. आमच्याकडे टॉवेल टाकलेली खुर्ची म्हणजे कुणासाठी तरी धरून ठेवलेली खुर्ची. "जागा नाही हो," मामा म्हणत, आणि तेही हसतमुखानं.

एकदा असाच एक गवंडी आला होता. मुलीच्या शाळेत त्याला जायचं होतं, म्हणून दाढी करून घ्यायची होती. टोपी हातात धरून तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग "बरं, गर्दी दिसतेय," असं म्हणून निघून गेला. दुकानात चिटपाखरू नव्हतं. माझा नुसता जळफळाट झाला, पण खुर्ची बापडी बोलणार काय?

पुढे नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी नळाजवळच्या कोपऱ्यात झाली. गादी फाटली, पेडल अडकू लागलं. माझ्यावर रद्दीचा ढीग साचला.

त्याच सुमारास सरकारनं एक मदत योजना काढली. ज्यांना रंगामुळे कुणी कामावर घेत नव्हतं, त्यांना दुकानदारांनी हाताखाली घेऊन काम शिकवायचं, आणि वर्षभर त्यांचा पगार सरकारनं द्यायचा.

"फुकट मिळालं की माणूस बिघडतो, मामा," आमचे नेहमीचे गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, म्हणाले.

"मला केर काढायला कुणीतरी हवंच आहे," मामा म्हणाले.

आता फुकट कुणाला मिळत होतं, ते तुम्हीच ठरवा!

आली कोण, तर त्याच गवंड्याची मुलगी. बापाचं नाक जसंच्या तसं! मी लगेच ओळखलं. मामांनी मात्र ओळखलं नाही. कितीतरी महिने तिच्या हातात झाडूच होता. मलाही वाटू लागलं, की ही योजना म्हणजे नुसता देखावा आहे. पण एके दिवशी योजनेची तपासणी करणाऱ्या बाई न सांगता येऊन थडकल्या.

"ही शिकायला आलीये की झाडायला? हिची कात्री कुठाय?"

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी तिला कात्री दिली आणि वर कोपऱ्यातली खुर्ची, म्हणजे मी. तिनं रद्दी उचलली, माझ्या पेडलला तेल घातलं, गादीला ठिगळ लावलं. कितीतरी काळानं मी वर गेले तेव्हा मला अगदी गहिवरून आलं. आधी लहान मुलं तिच्याकडे बसू लागली, मग घाईतली माणसं.

एके सकाळी मामा दाढ काढायला गेले आणि दुकान तिच्यावर सोपवून गेले. तिनं सगळं लख्ख केलं आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक धुतलेला टॉवेल पसरला. झालं! मास्तर काचेतून डोकावले आणि परत गेले. जो येई तो बाहेरूनच वळे. दुपारी मामा सुजलेला गाल धरून आले.

"अगं, सगळ्या खुर्च्यांवर टॉवेल? गिऱ्हाईक येणार कसं?"

"तुम्ही टाकता ना मधूनमधून? मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून." मग ती हसली. "बाबा नेहमी सांगायचे, त्या दुकानात फार गर्दी असते. मी तर सकाळपासून एक गिऱ्हाईक पाहिलं नाही!"

मामा माझ्यावरच्या टॉवेलकडे बघत उभे राहिले. दाढेत कापूस होता म्हणून बोललो नाही, असं ते सांगतील. पण मला खरं माहीत आहे.

वर्ष संपलं, तसा सरकारी पगारही थांबला. "आता बघू, ठेवता का पोरीला," मास्तर म्हणाले. ती खाली मान घालून आपली कात्री पुसत होती. तेवढ्यात तिला न्यायला गवंडी आला आणि सवयीनं टोपी काढून दारातच थांबला.

मामांचा हात टॉवेलकडे गेला. आता पुन्हा तेच!

मामांनी टॉवेल झटकला. "आत या हो. बसा, दाढी करून जा."

गवंड्यानं इकडेतिकडे पाहिलं. "गर्दी नाही आज?"

"नाही," मामा म्हणाले. "तेव्हाही नव्हती. चुकलंच माझं."

गवंडी आत आला आणि माझ्यावर बसला. मामांनी तोच टॉवेल त्याच्या गळ्याभोवती नीट खोचला आणि मुलीला म्हणाले, "दाढी तूच कर. आणि उद्या लवकर ये गं, दुकान तुलाच उघडायचंय. पगार आता मी देईन."

तिनं पेडल सोडलं. मी 'फुस्स' करत खाली आले. मित्रांनो, तो आवाज पेडलचा नव्हता बरं का! कितीतरी वर्षं कोंडून ठेवलेला माझा श्वास होता तो.

आता माझं एवढंच मागणं आहे. जुन्या खुर्चीला अधूनमधून तेल घालत जा. आणि उद्या वर्गात कुणी नवं मूल तुमच्या बाकापाशी येऊन उभं राहिलं, तर शेजारच्या रिकाम्या जागेवरचं आपलं दप्तर तेवढं उचला.