वाटेकरी

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘बाईंची भक्त’ म्हणून चिडवत. पाणीतपासणी बाईंच्या हाताखाली चाले आणि थेंब थेंब द्रव सोडणाऱ्या ब्युरेटची तोटी कशी धरायची इथपासून सगळं तिला बाईंनीच शिकवलेलं. बाईंची पद्धत ठरलेली. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करायचे, दोघींनी एकमेकींचं न बघता आकडा काढायचा, मग सरासरी पाणीपुरवठ्याला कळवायची.

अलीकडे दोघींचे आकडे एकमेकींपासून जरा सरकत होते. त्या दिवशी चांगलेच फाकले. तिने बाईंच्या फ्लास्कवर नजर टाकली. थेंब सोडताना पाणी जेमतेम गुलाबी झालं की थांबायचं असतं; बाईंचं गडद झालं होतं. पहिली छटा त्यांना दिसलीच नव्हती.

“मी उद्या पुन्हा करून बघते,” एवढंच पुटपुटून ती घरी आली.

जेवताना ती भात नुसता चिवडत बसली. सासऱ्यांचा जन्म भाषा शिकवण्यात गेला होता. त्यांनी विचारलं, “काय गं, कोणी काही बोललं का?”

“बोलायचं मलाच आहे, बाबा. बाईंची चूक दाखवायचीय. मग त्या पूर्वीसारख्या राहतील का माझ्याशी?”

“तुला भक्त म्हणतात ना? मग बोल की! मुळातला धातू ‘भज्’, म्हणजे वाटून घेणं. भाग, विभाग, भक्त, सगळी एकाच घरची पोरं. भक्त आधी वाटेकरी; मान डोलावणं मागाहून आलं.”

“आणि नुसती मान डोलावतो तो?”

“तुझा सासरा,” सासूबाई आतून म्हणाल्या.

सकाळी तिने सांगून टाकलं. “बाई, रंग आधीच बदलतो. तुम्हाला तो दिसत नाहीये.”

फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवून बाईंनी थेंब सोडायला सुरुवात केली. “आता?”

“मघाशीच झाला.”

बाईंनी चष्मा काढला. “अगं, मला वाटलं दिवेच मंद झालेत! त्या वायरमनला उगाच झापलं मी.” मग आवाज उतरला. “इतके जण ‘हो बाई, हो बाई’ करतात. तू बोललीस. फार बरं केलंस.”

त्यांनी लगेच पाणीपुरवठ्याला फोन लावला. “अलीकडच्या अहवालांत चूक आहे. माझी. सगळं पुन्हा तपासतोय.”

सारवासारव नाही, आढेवेढे नाहीत. आपण काम या बाईंकडे शिकलो, या विचाराने तिला भरून आलं.