मैनेचं दूध

"पुन्हा वकलीस व्हय?" ओट्यावरून सयाजीने विचारलं.

त्याची बायको साळुबाई गोठ्यामागे भिंतीला धरून उभी होती. सकाळची गोळी आणि तिच्याआधी खाल्लेली चतकोर भाकरी, दोन्ही मातीत पडली होती. पदराने तोंड पुसत ती म्हणाली, "न्हाई तर काय, देवाची आरती करायला आले हितं?"

संधिवाताने बोटं आखडली होती. जीभ शाबूत होती.

आळेफाट्याच्या डॉक्टरने आधी दिलेली औषधं तिला सोसली नाहीत, म्हणून शिमग्यानंतर त्याने ही अँटिबायोटिकची गोळी सुरू केली. सकाळ-संध्याकाळ, आणि तीही वर्षभर. "लगेच गुण येणार नाही, पण बोटं मोकळी होतील. पोटाला त्रास झाला तर काहीतरी खाऊन घ्या," एवढं सांगून त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्रास झाला तर म्हणे! पोटात दोन्ही वेळा चूल पेटायची. ठेचा सुटला, आमटी सुटली. आणे पठारावर जन्मभर मिरची खाऊन राबलेली बाई तान्ह्या पोरासारखा गुरगुट्या भात गिळायला लागली. तरी तिने एक गोळी चुकवली नाही, कारण गोठ्यात मैना होती.

मैना म्हणजे काळीपांढरी, महा हट्टी गाय. साळुबाईचा हात लागल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. सून समृद्धी धारेला बसली की लाथ घालून बादली उलटी करायची. मशीन लावून बघितलं, तर तिने खुंटा उपटला. साळुबाई वाकड्या बोटांनी जमेल तेवढं पिळायची, तोवर हाताला रग लागायची, आणि उरलेलं दूध सडातच राहायचं. मग सड सुजायचे.

मुलगा भरत चाकणला कंपनीत होता, रविवारी घरी यायचा. त्याने एकदाचं सांगून टाकलं, "आई, दिवाळीपतुर तुझा हात सुधरला तर ठीक. न्हाई तर मैना बेल्ह्याच्या बाजारात. मुक्या जनावराचं हाल का करायचं?"

पोरगं खोटं बोलत नव्हतं, म्हणून साळुबाईला जास्त राग आला. "सुधरल हात. तू नगं मला मुदत घालूस," ती म्हणाली.

शेजारची अंजना त्याच आठवड्यात निवडण-टिपण करायला आली होती. साळुबाईला पोट दाबून बसलेलं बघून ती म्हणाली, "अगं बाई, गोळी गरम पडती तुला. असली गोळी कुणी पाण्यासंगं घेतं व्हय? वर पेलाभर दूध पी. थंडावा नको का पोटाला?"

घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. गरम औषधावर दूध, यात कुणी डॉक्टरला काय विचारायचं? दूध तर घरचंच होतं. त्या दिवसापासून मैनेचं पहिलं पेलाभर दूध डेअरीच्या कॅनमध्ये न जाता साळुबाईच्या गोळीवर जाऊ लागलं, आणि पोट खरंच शांत झालं. ओकाऱ्या थांबल्या. दुपारी ताकभातही पचायला लागला. साळुबाई गायीच्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "माजी मैनाच बरं करणार मला. बघत ऱ्हावा तुमी."

बघत राहिले सगळे. आषाढ गेला, पोळा गेला, बोटं होती तशीच. गुण येईना तसा तिने एकाचे दोन पेले केले. दसऱ्याला तिला वाटीसुद्धा एका हाताने उचलवेना.

दिवाळीनंतरच्या सोमवारी भरत टेम्पो घेऊन आला. गाय विकली तरी तिचं दावं घरीच ठेवायचं, ही त्या घराची रीत. गळ्यातली गाठ साळुबाईनेच कधीकाळी मारलेली, ती तिला सुटेना. भरतने गाठ न सोडता दावं तसंच शिंगांवरून काढून घेतलं. टेम्पोत चढवताना मैना हंबरली. साळुबाई आत जाऊन तांदूळ निवडत बसली. निवडायचं काय, बोटांत खडा तरी धरता येत होता का?

त्यानंतर ती आळेफाट्याला तपासणीला गेली. डॉक्टरने बोटं दाबून बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. "एवढ्या महिन्यांत थोडा तरी फरक पडायला हवा होता. गोळ्या चुकवता का?"

"एक न्हाई चुकवली."

"घेता कशाबरोबर?"

"दुधासंगं. घरच्या गायीचं दूध, पाणी न घालता."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, दुधाबरोबर ही गोळी अंगी लागत नाही. बरीचशी वायाच जाते. दूध, ताक, दही, काही म्हणजे काही गोळीच्या आगेमागे नको. आधी भात-भाकरी खायची आणि मोठ्या ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची. घेतल्यावर लगेच आडवं पडायचं नाही. निदान विचारायचं तरी!"

साळुबाई म्हणाली, "काय इचारायचं त्ये म्हाईत असतं तर इचारलंच असतं की, डाक्टर. सांगायला तुमी व्हता ना?"

येताना एसटीत सयाजीने तिचा हात हातात घेतला, तर तिने तो झटकला. तिला सगळ्यांचाच राग आला होता. अंजनाचा, डॉक्टरचा, भरतचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या पोटाचा.

पाण्याबरोबर गोळी सुरू झाली आणि पोटातली चूल पुन्हा पेटली. ती कळ सोसत भिंतीला टेकून बसायची, आडवी व्हायची नाही. पुढचा शिमगा आला तशी बोटं खरोखर सुटी व्हायला लागली. आधी वाटी उचलली, मग पीठ मळलं. भरत हरखून फोनवर म्हणाला, "आई, दुसरी गाय बघू का?"

"माजी मैना म्हंजे काय मिक्सरचं भांडं व्हती? फुटलं की दुसरं आणायला?" तिने फोन समृद्धीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला ती सवयीने हात धुऊन गोठ्यात गेली. खुंटीवरचं दावं काढून मांडीवर घेतलं. स्वतःच मारलेली जुनी गाठ तिने अंगठ्याने दाबली, पीळ सैल केला आणि हळूहळू अख्खी सोडवली. एकटीने, कुणाचाही हात लागू न देता. दावं सरळ झालं. त्यात अजून मैनेचे दोन पांढरे केस अडकलेले होते.

"आई, भात खाल्लाय ना? गोळी घेताय नव्हं?" समृद्धीने दारातून विचारलं. "पाणी आणू?"

"आण," साळुबाई म्हणाली. "तांब्याभर आण."