एकशे दोन पायऱ्या

मी खोटं बोलत नाही. फार तर खऱ्यात थोडी हवा भरतो. तेव्हा वाचताना हवा तेवढी काढून टाका. खाली जे उरेल ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

आमच्या चर्चमध्ये मला लांबण म्हणायचे. मी प्रार्थनेला उभा राहिलो की आवरत नसे. एकदा मी डोळे मिटले तेव्हा समोरच्या बाकावरचा गृहस्थ गुळगुळीत दाढी करून बसला होता. आमेन म्हणून उघडले, तर दाढी छातीवर रुळत होती आणि तो ती विंचरत होता.

तर मावशी. ती नक्की कुणाची मावशी हे कुणालाच माहीत नव्हतं, पण हाक सगळ्यांची तीच. वय एक्याण्णव, दोन्ही गुडघे संपावर, जीभ मात्र एक दिवसही रजेवर नाही. राहायची सहाव्या मजल्यावर, आणि त्या इमारतीची लिफ्ट चौदा महिने बंद. म्हणजे चौदा महिने मावशी घरातच. चर्चमधलं खिडकीजवळचं तिसरं बाक तिचं. ते बिचारं रिकामं. आणि आता येत्या रविवारी तिच्या पणतूचा बाप्तिस्मा होता.

पाळकसाहेब तिला म्हणाले, "मावशी, बाळालाच वर आणतो. इथेच उरकू की."

"उरकायला ते काय भांड्यांचं काम आहे?" मावशी म्हणाली. "मला माझ्या बाकावर बसून, चार माणसांत बघायचंय. पुढच्या पोराच्या वेळेला मी असेन याची हमी देता का?"

पाळकसाहेबांनी हमी दिली नाही.

आता, आम्ही काही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. आम्ही हात जोडून बसलो होतो. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही अकरा जण सहा मजले चढून मावशीच्या खोलीत जमायचो आणि लिफ्ट सुरू व्हावी म्हणून प्रार्थना करायचो. मावशी भिंत धरत धरत आमच्यासाठी चहा करायची, बिस्किटांचा डबा फिरवायची. डबा रिकामा झाला की आम्ही अकराच्या अकरा धडधाकट माणसं सहा मजले टणाटण उतरून घरी जायचो. चौदा महिने! यात हवा अजिबात नाही. असती तर बरं झालं असतं.

त्या शेवटच्या बुधवारी मी ऐन रंगात आलो होतो. लिफ्टच्या तारा, कप्प्या, बटणं, सगळं एकेक करून प्रभूच्या हाती सोपवत होतो, आणि दारातून आवाज आला, "पाणी मिळेल का थोडं?"

कपाटवाला होता. लोकांची कपाटं, पलंग, पियानो खांद्यावर पट्टे अडकवून घरोघर पोचवणं हा त्याचा धंदा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा. पाळकसाहेबांनी एकदा त्याला प्रार्थना करायला सांगितलं, तर उभा राहिला, कानापर्यंत लाल झाला, "आमेन" म्हणाला आणि खाली बसला. बाकीची प्रार्थना अजून यायचीच आहे.

पाणी पिऊन तो म्हणाला, "खालच्या मजल्यावर कपाट आणलं होतं. इथे काय चाललंय?"

"मावशीला रविवारी खाली न्यायचंय," मी गंभीरपणे म्हणालो. "त्यासाठी विनवणी चालली आहे."

त्याने आम्हाला नजरेने मोजलं. मग भाबडेपणाने विचारलं, "मग नेत का नाही?"

कुणाचं तरी बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच.

"अरे, पण कसं?" मी विचारलं.

"खुर्चीवर बसवून. आत्ताच पाच मजले तीन दारांचं कपाट चढवलंय, आरशासकट. मावशी त्यापेक्षा हलकी आहे."

"आणि बडबडी," मावशी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "कपाट निदान तोंड मिटून बसतं. कधी येतोस, बाळा?"

"रविवारी आठला. मेहुण्याला घेऊन येतो."

रविवारी आठला तो आला, पण एकटाच. मेहुण्याची कंबर आदल्या दिवशी धरली होती. मावशी ठेवणीतले निळे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन पहाटेपासून खुर्चीत बसली होती. तिने त्याच्या मागे बघितलं, मेहुणा दिसेना, तेव्हा मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"माझ्या उंचीचा कुणीतरी लागेल," कपाटवाला म्हणाला. "उंची सारखी नसली की खुर्ची एका अंगावर झुकते."

निरोप द्यायला जमलेल्या बाकीच्या दहा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुडघे जरा वाकवून बघितले.

"लांबण्या, सरळ उभा राहा," मावशी म्हणाली.

"मावशी, मी इथून प्रार्थना केली तर..."

"प्रार्थना मी करते. तू पट्टा धर."

कपाटवाल्याने तिला चादरीने खुर्चीला बांधलं, पट्टे खुर्चीखालून घेऊन आमच्या खांद्यांवर चढवले. तो खालच्या बाजूला, पाठ जिन्याकडे, मी वर.

"काका, भार माझ्यावर येईल, पण मला मागची पायरी दिसणार नाही. ती तुम्ही मोजायची, मोठ्याने. दुसरा एक शब्दही नाही. आकडा चुकला की माझा पाय चुकला."

एक. दोन. तीन. पहिला मजला उतरेपर्यंत माझ्या कपाळाला घाम सुटला. दुसऱ्याला तो जिन्यावरून आमच्या पुढे वाहत निघाला. बाकीचे मागून श्वास रोखून येत होते. अठ्ठेचाळीसला माझे हात घसरायला लागले आणि जन्माची सवय तोंडातून निसटली.

"हे स्वर्गीय पित्या, या संकटाच्या घडीला..."

कपाटवाल्याचा पाय हवेत पायरी शोधत राहिला. खुर्ची कलली. मावशीची पर्स उडाली आणि धपाधप उड्या मारत खाली गेली. कुणीतरी किंचाळलं. कपाटवाल्याने खांदा भिंतीला रेटून सगळा भार कसाबसा पेलला आणि दात आवळून म्हणाला, "आकडा!"

मला आकडाच आठवेना. मावशीने मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "लांबण्या, आपण कुठल्या पायरीवर आहोत ते प्रभूला ठाऊक आहे. ह्याला नाही. ह्याला सांग."

"एकोणपन्नास," मी म्हणालो.

पाय टेकला.

त्यानंतर मी जे आकडे म्हटले, तसे शब्द मी आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. पन्नास. एक्कावन्न. एकेक आकडा दोन्ही हातांनी खाली ठेवावा तसा. मग बाकीच्यांनाही हात फुटले. कुणी पर्स आणायला धावलं, कुणी खुर्चीचा पाय धरला, कुणी खालची दारं उघडली. एकशे दोनला आम्ही फुटपाथवर होतो. मावशीने तोंडावर ऊन घेतलं, पर्समधला आरसा फुटलाय का पाहिलं आणि म्हणाली, "बघत काय बसलात? उशीर होतोय."

बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा ते असं रडलं की छतावरची कबुतरं शेजारच्या गावाला राहायला गेली. तिसऱ्या बाकावरून मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आवाज लांबणावर गेलाय गं!"

मग पाळकसाहेबांनी मला प्रार्थनेला उभं केलं. सगळ्यांनी सवयीने ऐसपैस बसून घेतलं. शेवटच्या बाकावर कपाटवाला खांदा चोळत होता.

"प्रभो," मी म्हणालो, "मावशीला परत वर न्यायचंय. आमेन."

कुणीच डोळे उघडले नाहीत. त्यांना वाटलं, मी श्वास घेतोय.

उपासना सुटली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर एक अजब दृश्य होतं. पाळकसाहेब आणि दूधवाला, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि त्यांची जाऊ, असे सगळे दोघा-दोघांनी पाठीला पाठ लावून उभे होते, आणि कपाटवाला तळहात त्यांच्या डोक्यांवरून फिरवत उंचीच्या जोड्या जुळवत होता. बाईंनी टाचा उचलल्या म्हणून त्यांना ओरडाही बसला.

मावशी खुर्चीत बसून, पणतू मांडीवर घेऊन हे सगळं पाहत होती.

"सावकाश होऊ द्या रे," ती म्हणाली. "मला मुळीच घाई नाही."