दोन तृतीयांशचा दिवा

आयडेला क्रात्झच्या मोटरहोममध्ये, म्हणजे घरासारख्या मोठ्या गाडीत, शेगडीच्या वरच्या फळीवर चार छोटे दिवे होते. बटण दाबलं की संडासाची टाकी किती भरली ते या दिव्यांनी सांगायचं: रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरली. पण पंचवीस वर्षं जुन्या गाडीतले दिवे खरं सांगतील अशी आशा वाळवंटात मुक्काम करणारं कुणी धरत नाही. टाकी नुकतीच रिकामी करून आलेला माणूसही बटण दाबतो, दोन तृतीयांशचा दिवा बघतो आणि हसून कॉफी करायला लागतो. आयडेलाचा नवरा ऑरिन तर म्हणायचा, "हा दिवा जन्माचा खोटारडा आहे. त्याच्याकडे बघायचंच नाही."

ऑरिन लांबलेल्या आजारपणात ऑक्टोबरात गेला. जानेवारीत आयडेला एकटीने गाडी चालवत क्वार्ट्झसाइट गावाबाहेरच्या वाळवंटी माळावर आली. तिथे त्या दोघांनी अकरा हिवाळे काढले होते. मुलगी कॉरिन ओहायोहून रोज फोन करायची. तिने गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी तीनला तो माणूस येणार होता.

"आई, टाकी भरली की रिकामी तेही तुला कळत नाही," कॉरिन म्हणाली. "एकटी कशी राहणार आहेस तू?"

हे आयडेलाला फार लागलं. "शनिवारपर्यंत तो दिवा मी माझ्या हाताने दुरुस्त करते," ती म्हणाली. "नाही जमलं तर गाडी विक. मी मुकाट्याने तुझ्याकडे येते."

रागाच्या भरात बोलून तर गेली, पण फोन ठेवल्यावर ती हिशेब मांडू लागली. वय एकोणसत्तर, गुडघे कामातून गेलेले. आणि ही गाडी गेली तर ऑरिनचं जे काही उरलं होतं तेही जाणार होतं.

बुधवारी सकाळी ती गाडीचा बाजूचा कप्पा उघडून चटईवर आडवी झाली. शेजारच्या ट्रेलरमधला ड्युइट घडीची खुर्ची घेऊन येऊन बसला. त्याचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलेलं. कशाला हात लावायचा नाही, अशी अट तिने त्याला घातली होती.

"पाना उलटा धरलायस," ड्युइट म्हणाला.

"तुला सांगितलं होतं ना, मध्ये पडायचं नाही?"

"हात लावू नको म्हणालीस. तोंडाचं काही ठरलं नव्हतं."

टाकीच्या भिंतीत खालून वर पितळी स्क्रू बसवलेले होते, प्रत्येकाला एक तार. आतला माल स्क्रूपर्यंत चढला की त्याचा दिवा लागणार, एवढंच ते यंत्र. ड्युइटच्या सांगण्यावरून तिने दोन तृतीयांशची तार सोडवली, कण्हत उठली, आत जाऊन बटण दाबलं. तो दिवा लागला नाही.

"म्हणजे तारेत दोष नाही," ड्युइट बाहेरून म्हणाला. "आत स्क्रूला संडासातला कागद चिकटलाय, म्हणून दिवा लागून राहतो. सगळ्यांचं तेच होतं."

मग तिने सगळे करतात तेच केलं. तार पुन्हा जोडली, आतून टाकी घासून निघावी म्हणून संडासात पिशवीभर बर्फ आणि भांड्यांचा साबण ओतला, खडबडीत रस्त्यावरून वीस मैल गाडी हाकली आणि टाकी रिकामी करून आली. दिवा होता तिथेच. गुरुवारी तिने टाकीला बाहेरून चिकटवायचे नवे सेन्सर लावले. ते भिंतीतूनच माल ओळखतात, त्यांना कागदाची बाधा नाही. दोन तास लागले, पण तारा तिने स्वतः जोडल्या. बटण दाबलं. दोन तृतीयांश.

"नवाही खोटारडाच निघाला," ड्युइट हसला.

आयडेला हसली नाही. ती पुन्हा खाली बसली आणि पान्याच्या दांड्याने टाकी वरून खाली ठोकत गेली. वर पोकळ आवाज आला. तिथून खाली थेट तळापर्यंत आवाज बद्द येत होता. तिने पुन्हा ठोकून बघितलं.

"ड्युइट, तो खोटं बोलत नाहीये. टाकी खरंच भरलेली आहे."

ड्युइटने वाकून टाकीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "ऑरिन आजारी असताना गाडी दवाखान्याजवळ लावून राहत होतात, तेव्हा टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता का?"

सात महिने तो उघडाच होता. मोरीची नळी जोडलेली असली तरी व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी भरली की मगच उघडायचा, हे पहिल्या हिवाळ्यात आलेल्या नवख्यालाही शेजारी सांगतात. नाहीतर पाणी वाहून जातं आणि बाकीचं साचून घट्ट बसतं. ऑरिनने स्वतः कितीजणांना हे बजावलं होतं.

आणि मार्चमध्ये, ती दर चार दिवसांनी थंडीत गुडघे टेकून व्हॉल्व्ह ओढायची तेव्हा, तोच अंथरुणातून म्हणाला होता, "उघडाच राहू दे तो. काही होत नाही. आणि दिव्याकडे बघू नकोस."

ती इतकी थकलेली होती की तिने ते आनंदाने ऐकलं. त्याला पक्कं माहीत होतं काय होणार ते. तिला गुडघे टेकावे लागू नयेत म्हणून त्याने आपली टाकी वाया जाऊ दिली. आणि त्याच आवाजात तो तिला, कॉरिनला, नर्सला सांगत राहिला, मी ठीक आहे. दिवा बिचारा इतके दिवस खरं सांगत होता. खोटं ऑरिन बोलत होता, आणि आयडेलाने त्याच्या शब्दावर दोन्ही गोष्टी मानल्या होत्या. ती कप्प्यापाशी बसून मोठ्याने रडली. ड्युइट आपल्या बुटांकडे बघत तिथेच बसून राहिला.

त्याच दुपारी तिने गावातल्या गाडीतळावर नळ आणि मोरी असलेली जागा भाड्याने घेतली. व्हॉल्व्ह बंद करायचा, टाकी काठोकाठ पाण्याने भरायची, काही तास मुरू द्यायची, मग व्हॉल्व्ह ओढायचा. पुन्हा भरायची. शुक्रवारी काही हललं नाही आणि तिने जवळजवळ हात टेकले. शनिवारी सकाळी पाचव्या खेपेला नळीतून धडधडत काहीतरी गेलं. दिवा एक तृतीयांशवर उतरला. दुपारी एकला सगळ्यात खालचा दिवा तेवढा उरला. रिकामी. आयडेलाने गुडघे टेकून व्हॉल्व्ह बंद केला आणि तो नीट बसला का ते दोनदा पाहिलं.

फोन वाजला.

"आई, तो माणूस निघतोय. तू ठीक आहेस ना?"

क्रात्झांच्या घरातलं नेहमीचं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं.

"नाही," आयडेला म्हणाली. "ठीक नाहीये मी. तुझ्या बाबांची फार आठवण येते. गुडघे सुजलेत. सकाळी उठावंसंच वाटत नाही. पण दिवा चालतोय. त्या माणसाला येऊ नको म्हणून सांग. तू ये थोडे दिवस."

पलीकडे कॉरिन रडायला लागली, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. आयडेला पायरीवर बसली आणि फोन कानाला धरून ऐकत राहिली.