मावश्यांची बिस्किटं आणि माझी खाली बसलेली पाठ

मित्रांनो, मी एक जुना, निळा आणि खरं सांगायचं तर थोडा नकटा पिकअप ट्रक आहे. आता माझ्या दारांच्या कडा गंजल्या आहेत, पण यंगस्टाउनच्या रुडी हुडाकने मला घरी आणलं तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसायचं. रुडी पोलादाच्या भट्टीवर कामाला होता. मी त्याच्या विटा वाहिल्या, गल्लीतला बर्फ ढकलला, शेजाऱ्यांचे पियानो हलवले. "निळ्या म्हणजे बैल आहे, बैल!" असं तो चारचौघांत सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना ट्रेलर घेतला. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, चूल, मोरी सगळं. ते ओढायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

गेल्या पानगळीच्या दिवसांत रुडीच्या नातीचं, टेसाचं लग्न ठरलं. मुलगा व्हर्जिनियाच्या डोंगरातला आणि लग्नही तिकडेच. आमच्या गावच्या लग्नात केक असतोच, पण खरा मान बिस्किटांच्या टेबलाचा. मावश्या, आत्या, शेजारणी महिनाभर भाजत असतात. मुलाच्या आईला हे काही ठाऊक नव्हतं. "केक आहे की! बिस्किटं कशाला?" असं तिने फोनवर विचारलं. रुडीची बायको इर्मा दिवसभर "म्हणे कशाला!" असं पुटपुटत पीठ मळत होती.

खरी अडचण वेगळीच होती. मावश्या थकलेल्या, एकीलाही एवढा प्रवास झेपणारा नव्हता. टेसा रडवेली झाली. "आजी, माझ्या बाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहणार गं!"

"खुर्च्या राहू देत," इर्मा म्हणाली. "टेबल भरेल. एकेकीच्या हातचं घेऊन येते मी, अगदी अख्खं."

शब्द दिला इर्माने आणि तो पाळायचा होता मी.

निघायच्या दिवशी अंगणात जत्राच भरली. जोसी मावशीची कोलाची, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड गुंडाळ्या, पॉलिन आत्याची लिंबाची बिस्किटं, पिझेल नावाची पातळ जाळीदार बिस्किटं, वर चर्चकडून मागून आणलेली घडीची टेबलं आणि घरच्या द्राक्षरसाच्या पेट्या. हे सगळं ट्रेलरच्या पुढच्या पलंगावर रचलं. झालं! त्याच्या तोंडाचा भार माझ्या पाठीवर आला आणि माझी पाठ खाली बसली. नाक वर गेलं, दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागले. पुढची चाकं तर रस्त्याला नुसत्या गुदगुल्या करत होती.

"अरे रुडी, हा कुत्र्यासारखा बसलाय की!" इर्माचा भाऊ बर्नी ओरडला. "सामान मागे ढकल, आपोआप उचलला जाईल."

ही युक्ती मावश्यांना फारच आवडली, कारण ट्रेलरचं दार मागच्या कोपऱ्यात होतं. दारापाशी जिचं तबक, ते टेबलावर सगळ्यात आधी.

"माझं तबक दारात ठेवा," पॉलिन आत्या म्हणाली. "जोसीचं काय, पलंगाखालीही चालेल."

"तुझीच ठेव पलंगाखाली! कुणाचे दात तरी वाचतील!" जोसी मावशी फणकारली.

अर्ध्या तासात सगळं वजन शेपटीकडे गेलं आणि मी पट्टीसारखा सरळ उभा राहिलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर बरं वाटलं. माझ्या हौद्यात दोन पोलादी दांड्या पडून होत्या. माझ्या आणि ट्रेलरच्या जोडावर त्या साखळ्यांनी ताणून बसवल्या की पाठीवरचा भार पुढच्या चाकांकडेही वाटला जातो. पण त्या बसवायच्या म्हणजे घाम गाळा, हात काळे करा. "दिसतोय ना सरळ? मग राहू दे," रुडी म्हणाला. मित्रांनो, सरळ दिसणं आणि भार सारखा असणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

डोंगराचा उतार लागला आणि मागे रचलेल्या वजनाने ट्रेलर शेपूट हलवू लागला. आधी थोडा, मग असा की मीच इकडून तिकडे ओढला जाऊ लागलो. "रुडी!" इर्मा किंचाळली. रुडीने मात्र ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि वेग आपसूक उतरू दिला. मग त्याने मला हळूच एका मोकळ्या जागेत नेऊन उभं केलं. मी घाबरलो होतो, कबूल करतो.

दार उघडलं, तर पॉलिन आत्याचं तबक खाली पडून सगळा चुरा झालेला. इर्माचे डोळे भरून आले.

"परत फिरायचं का?" रुडीने हळूच विचारलं.

"तू फीर. मी तबकं डोक्यावर घेऊन चालत जाते."

रुडीने बाह्या सरसावल्या. आधी त्याने मला ट्रेलरपासून सोडवलं आणि मी मोकळा, हलका उभा असताना माझ्या पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची डबे बांधायच्या फितीने मोजून गाठ मारली. टेबलं आणि पेट्या ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे, खाली जमिनीलगत ठेवल्या. तबकं भोवतीने लावली. मग ट्रेलर जोडून दांड्या बसवल्या आणि एकेक कडी ताणत गेला. इर्मा फीत धरून ओणवी झाली होती. "अजून वर आहे... अजून... बास! गाठीला टेकला!" पाठ जराशी खाली होती, पण पुढची चाकं रस्ता घट्ट धरून होती. मित्रांनो, त्यानंतरचा घाट मी गाणं म्हणत चढलो.

लग्न सफरचंदाच्या बागेत होतं, त्यामुळे टेबल मला अगदी समोर दिसत होतं. टेसा एकेक घास तोंडात टाकायची आणि डोळे मिटून म्हणायची, "जोसी मावशी! लोणी बघ किती घातलंय!" आत्याचा चुरा इर्माने काचेच्या वाडग्यात भरून मधोमध ठेवला होता. टेसाने तो चमच्याने खाल्ला. "पॉलिन आत्या! लिंबू नेहमीसारखं जास्त!" ती हसत होती आणि रडतही होती. बिस्किटं कशाला म्हणणारी मुलाची आई तर दोन डबे भरून घरात लपवून आली.

रिकामी तबकं परत कशी द्यायची, म्हणून तिने ती सफरचंदांनी भरली, वर पोतीही दिली. या वेळी निघताना कुणी सांगायच्या आत रुडीने दांड्या जोडावर ताणून बसवल्या.

मित्रांनो, आम्हाला ओझ्याचं भय नसतं. बैलाचं कौतुक करता, तसं जूही नीट बसवा. आम्ही सरळ दिसतो म्हणून टाळ्या वाजवून मोकळे होऊ नका. वाकून बघा, चारी चाकांवर भार आहे ना. आमच्या मागे कुणाचा तरी शब्द असतो.

घरी पोहोचलो, तर पॉलिन आत्या फाटकातच उभी. सफरचंदांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझी बिस्किटं टेबलावर कुठे होती?"

"मधोमध," इर्मा म्हणाली.

आणि ते अगदी खरं होतं.