तोफेच्या ठाणाचं अस्तर

“लाकूडच बरं,” आमचे हे पुन्हा म्हणाले. “बापजाद्यांपासून तबेल्याला लाकूडच लागतं.”

“बापजाद्यांकडे घासायला बायका होत्या,” मी बोलून गेले आणि जीभ चावली.

तबेल्याच्या अंगणात अस्तरवाला आपले नमुने मांडून उभा होता. फरशी, पत्रा, लाकडी फळी आणि जाड प्लॅस्टिकचा एक राखाडी तक्ता. जुन्या विटांच्या भिंती मुतानं पोखरल्या होत्या, भेगांत लीद जाऊन बसायची. ताईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, प्रत्येक घोड्याच्या ठाणाला आतून अस्तर लावायचं ठरवलं होतं. लाथांना टिकेल आणि धुवायला सोपं जाईल असं. निवडायला आम्हां दोघांना बोलावलं होतं. घोडी सांभाळायची ह्यांनी, झाडलोट माझी, आणि भिंती घासायचं काम पहिल्यापासून ह्यांचं.

ह्यांचं म्हणायचं आपलं! ह्यांचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जाईना. पण कबूल करतील तर शपथ. “जरा आखडलाय,” यापलीकडे अक्षर नाही. भीती एकच, ताईंना कळलं तर घरी बसवतील. आणि हा माणूस घोड्यांवाचून घरी बसला, तर आठ दिवसांत माझ्याच अंगाला खरारा करायला लागेल. म्हणून रोज सकाळी ताई यायच्या आधी भिंतींचा वरचा भाग मी उरकून टाकायची, मग खालचा हे सावकाश घासायचे. आळीमिळी गुपचिळी.

तो प्लॅस्टिकचा तक्ता बघून माझा जीव हरखला होता. पण सोपं ते मागायचं म्हणजे हात चालत नाही असं सांगितल्यासारखंच, म्हणून हे लाकडाला चिकटून बसले होते.

“असं करू,” ताई म्हणाल्या, “तोफेलाच विचारू.”

तोफ आमची म्हातारी घोडी. मागे काही टेकवलं की लाथ आलीच. अस्तरवाल्यानं एकेक नमुना तिच्या मागच्या भिंतीला लावला. फरशीचे तुकडे झाले. पत्रा असा दणाणला की शेजारची घोडी बिथरली आणि अस्तरवाला खुराकाच्या पेटीवर चढला. फळीला मात्र तिनं लाथ मारलीच नाही. वळून तिची कड कुरतडायला लागली.

“बघा, आवडलं तिला,” हे म्हणाले.

“आवडलंच. संध्याकाळपर्यंत संपवेल.”

प्लॅस्टिकवर नुसता धप्प आवाज झाला. तक्ता जरा दबला, पुन्हा सरळ झाला. तोफेनं आणखी एक ठेवून दिली आणि कंटाळून गवताकडे वळली.

“आता धुऊन बघा,” म्हणत अस्तरवाल्यानं फळी आणि तक्ता अंगणात उभे केले, दोन्हींना वरपासून खालपर्यंत लीद फासली आणि ब्रश ह्यांच्या हातात दिला. “घासा, काका.”

ह्यांचा हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच. ओठ घट्ट मिटलेले. पुढे धावावं तर ह्यांची अब्रू जाते, गप्प राहावं तर नोकरी.

ताईंनी ब्रश काढून घेऊन बादलीत टाकला आणि पाण्याचा पाइप ह्यांच्या डाव्या हातात दिला. तक्त्यावरची लीद भराभर ओघळून गेली. फळीवरची हटेना.

“हाच लावा,” त्या म्हणाल्या आणि अस्तरवाल्याला मापं घ्यायला आत पिटाळलं. मग माझ्याकडे वळल्या. “काकू, मी येते तेव्हा भिंत वरून वाळलेली असते आणि खालून ओली. कधीची बघतेय. एकाच माणसानं घासलेली भिंत अशी वाळते का?”

आम्ही एवढी लपवाछपवी केली आणि भिंतीनंच चहाडी केली.

“ताई, मी थांबतो आता,” हे हळूच म्हणाले. “दुसरा माणूस बघा.”

“आणि तोफेला हात कोण लावणार, मी? मागच्या खेपेला तिनं माझी बाही फाडली! घासणं संपावं म्हणून तर हे अस्तर घेतेय, काका. तुम्ही जाणार असाल तर मला विटाच चालतील.”

मला रडूच फुटलं. कामाला ठेवणारे पुष्कळ मिळतात हो. माणसाची लाज राखणारं कुणी भेटायला नशीब लागतं, आणि ते आम्हांला भेटलं होतं. देव त्या पोरीचं भलं करो. हे मात्र धुऊन झालेला तक्ता पुन्हा धूत राहिले.

संध्याकाळी घरी आल्यावर हे रोजच्यासारखे कपडे बदलायला तडक न्हाणीघरात गेले नाहीत, दाराला कडीही लावली नाही. खोलीत माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

“सदरा काढ गं जरा,” म्हणाले. “हात वर जात नाही माझा.”

मी आधी बऱ्या हाताची बाही काढली, मग दुखऱ्या हाताची.