थोरल्या जावयाचा गुरुवार

बद्रीनाथरावांचे आठवड्यात चार उपास असत आणि चारही दणक्यात होत. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चौथा फिरता होता. एकादशी, चतुर्थी, प्रदोष, जे हाताला लागेल ते. केजच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या सभेत एका वक्त्यानं सांगितलं होतं की भाऊसाहेबांनी निम्मी नोकरी अन्नाला न शिवता केली. हे ऐकताना भाऊसाहेबांचं वजन एक्याण्णव किलो होतं.

यात विसंगत काही नाही. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि मधेच तोंडात टाकायला केळी, हे अन्न नव्हे, हा फराळ. अन्न माणसाच्या अंगाला लागतं. फराळ देवाच्या नावावर जातो.

पण या उपासांची खरी कमाई खिचडी नव्हती. खरी कमाई होती सासुरवाडीचं कॅलेंडर. पालीला सासूबाईंच्या घरी काहीही निघालं, की पहिला फोन केजला यायचा : "थोरल्या जावयाला कोणता वार चालतो?" मेहुणीचा साखरपुडा सोमवारचा मंगळवारी गेला होता. नव्या विहिरीचं पूजन चार दिवस थांबलं होतं. सासऱ्यांचा तेरावा गुरुवारी आला आणि तो काही पुढं सरकवता येईना, तर सासूबाईंनी अख्ख्या गावाच्या पंगतीत एका पानावर भगर वाढली. ते पान बघायला लोक हातातला घास ठेवून उठून आले होते. असा मान बद्रीनाथरावांनी बत्तीस वर्षं खाल्ला.

आणि मग विजयसिंहरावांनी भाकरी सोडली.

विजयसिंहराव म्हणजे धाकटे साडू. तलवाड्याला चाळीस एकर बागायत, गावच्या राजकारणात वजन, आणि अंगावर एकशे चार किलो. वर साखर. पुण्याच्या मुलानं कुठंतरी वाचून बापाला बजावलं, की आता धान्य बंद, भाजी बंद, गोड बंद. नुसतं मटण, अंडी, कलेजी आणि तूप. शिवाय आठवड्यातून एकदा दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहायचं. विजयसिंहरावांनी मटण सोडलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. भाकरी सोडली म्हटल्यावर मात्र तलवाड्याचे लोक घरी भेटायला आले. एक म्हातारा तर पायाशी बसून डोळे पुसून गेला.

आठ महिन्यांत चोवीस किलो उतरले.

बीडला एका लग्नात बद्रीनाथरावांना समोरून एक सडपातळ गृहस्थ नमस्कार करताना दिसले. शर्ट पँटीत खोचलेला. पट्ट्याला नव्यानं पाडलेली पाच भोकं, आणि पट्ट्याचं उरलेलं टोक कमरेवरून पार मागं वळून गेलेलं. बद्रीनाथरावांनी आधी पट्टा पाहिला, भोकं मोजली, मग तोंड ओळखलं.

बद्रीनाथरावांच्या शेजारी त्यांच्या पत्नी विजयमालाबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई बाई! दाजी तर नवरदेवाचे दोस्त दिसायलेत."

बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचा हा आवाज बद्रीनाथरावांनी दोनदाच ऐकला होता. एकदा गॅस आला तेव्हा, आणि एकदा मुलगी शाळेत पहिली आली तेव्हा. त्या पंगतीत त्यांना जिलबी गोड लागली नाही. खाल्ल्या सहा, पण गोड लागल्या नाहीत.

पुढं अधिक महिना जवळ आला. आपल्याकडं तो धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा सासू जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालते, दिव्यासह तेहतीस अनारशांचं ताम्हन देते. पालीहून फोन आला. विजयमालाबाईंनी बोलून ठेवला.

"आईचा होता. धोंडे गुरुवारी धरलेत."

"गुरुवार माझा असतो."

"म्हटलं मी तिला. ती म्हणाली, दाजींचं पाणी मंगळवारी सुरू होतं आन् गुरुवारी दुपारी सुटतं. त्यांना तोच वार सोयीचा हाय."

"आन् मला?"

"तुमच्यासाठी खिचडी टाकते म्हणाली."

टाकते! जिनं गावपंगतीत भगरीचं पान मांडलं, ती आता खिचडी टाकणार होती. बद्रीनाथराव उठून अंगणात गेले, कॅलेंडरसमोर येऊन उभे राहिले, पुन्हा अंगणात गेले. आठ महिन्यांचा उपासवाला चाळीस वर्षांच्या उपासवाल्याचा वार घेऊन गेला होता, आणि तोही कलेजी खाऊन.

तीन आठवडे हातात होते. धाकट्यापेक्षा बारीक होऊनच पालीला जायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं. शेजाऱ्याला माहिती हवी आहे, असं सांगून त्यांनी विजयसिंहरावांनाच फोन लावला.

"सोपं हाय, भाऊसाहेब," विजयसिंहराव म्हणाले. "खायच्या दिवशी नुसतं मटण. उपासाच्या दिवशी नुसतं पाणी. लईच झालं तर चिमूटभर मीठ."

"आन् साबुदाणा?"

"साबुदाणा म्हणजे निव्वळ साखर हो!"

"असं बोलू नये. उपासाचं हाय ते."

फोन ठेवल्यावर बद्रीनाथरावांनी विचार केला. मटणाचं सांगतो ते खरं असेल, त्यातला त्याचा अनुभव दांडगा. पण उपास? उपास आता आपल्याला तलवाड्याकडून शिकायचा का? आणि साबुदाणा तरी कशात भिजवतात, पाण्यातच ना? तेव्हा त्यांनी मटणाचा भाग घेतला आणि पाण्याचा भाग सोडून दिला. तीन दिवस मटण, चार दिवस फराळ. दोन्हीकडच्या चांगल्या गोष्टी एका अंगात आणायचा हा बेत होता.

बस स्टँडमागं ख्वाजाचं मटणाचं दुकान आणि त्याला लागून खानावळ होती. ख्वाजा शाळेतला सोबती, पण भाऊसाहेब साहेब झाल्यापासून त्यांना साबच म्हणायचा. त्यानं आतल्या कोपऱ्यात ताट लावलं.

"भाकरी किती?"

"भाकरी न्हाई."

"मग रोटी?"

"न्हाई."

"चावल काढू का?"

"ख्वाजा, नुसतं मटण."

ख्वाजा हात पुसत समोर बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "साब, घरात काही झालंय का?"

पहिलं ताट बरं गेलं. तिसऱ्या दिवसापासून हात सवयीनं भाकरी मोडायला जाई आणि रिकामा परत येई. रश्शाची वाटी समोर असताना त्यात बुडवायला काही नसावं, हे दुःख ज्याचं त्यालाच कळतं. घरी सांगितलं होतं, पेन्शनर मंडळाची सभा आहे. "आठवड्यातून तीनदा सभा कावून?" विजयमालाबाईंनी विचारलं. "गंभीर विषय आहेत," बद्रीनाथराव बडीशेप चघळत म्हणाले.

तीन आठवड्यांनी, अधिक लागायच्या आदल्या दिवशी, ते ख्वाजाच्या काट्यावर उभे राहिले. त्या काट्यावर बकरी जिवंत तोलली जात. ख्वाजानं आकडा पाहिला, काट्याखालचा खडा काढला, पुन्हा पाहिला.

"चौऱ्याण्णव."

"काटा बरोबर हाय का?"

"त्याच्यावर माझं पोट चालतं, साब." ख्वाजानं त्यांना हात देऊन उतरवलं. "मटण तर माझ्यासमोर खाताव. बाकीच्या दिवशी काय खाताव?"

"बाकीचे दिवस उपास असतो."

"उपासाला काय खाताव?"

बद्रीनाथरावांनी सांगितलं. खिचडीपासून केळ्यापर्यंत सगळं सांगितलं.

"साब, रोज्याला आमी पाण्याचा घोट घेत न्हाई. सूरज डुबला की मग खातो."

"मग खाताच की!"

"खातो ना. पण तुमी तर सकाळी आठलाच सूरज डुबवायलाव."

हे वाक्य बद्रीनाथरावांना झोंबलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनी बोलणं टाकलं असतं.

गुरुवारी पालीला पोचले तेव्हा ऊन असं होतं की बिंदुसरेच्या धरणाकडून येणारा वारासुद्धा चुलीवरून आल्यासारखा लागत होता. वीज गेलेली. ओसरीवर विजयसिंहराव बसले होते. दोन दिवस पाण्यावर राहूनही माणूस टवटवीत! पट्ट्याला आता सहावं भोक होतं. बद्रीनाथरावांनी सदरा बाहेर ओढून घेतला.

सासूबाई, बायनाबाई, ऐंशीच्या पुढच्या. पण अंगठ्यावर कुंकू घेऊन उभ्या राहिल्या की घर हलायचं थांबे. दोन पाट मांडलेले. धाकट्याच्या ताटात वाफाळते धोंडे, त्यावर तुपाची धार, समोर अनारशांचं ताम्हन आणि दिवा. थोरल्यासाठीचे धोंडे उपास सुटल्यावर द्यायला बाजूला काढून ठेवलेले, आणि त्याच्या पाटापुढं स्टीलच्या ताटलीत खिचडी. टाकलेली.

बायनाबाईंचा कुंकवाचा अंगठा उठला आणि विजयसिंहरावांच्या कपाळाकडं निघाला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच थोरल्याच्या आधी निघाला. मागं विजयमालाबाई बहिणीच्या, प्रियाच्या, कानात काहीतरी बोलून हसल्या.

"आत्याबाई," बद्रीनाथराव म्हणाले, "ती खिचडी उचला. मी आज निर्जळी आहे."

हे वाक्य कोण बोललं म्हणून त्यांनी स्वतःच इकडंतिकडं पाहिलं.

अंगठा थांबला. "पाणी बी न्हाई?"

"न्हाई."

"या उन्हात?"

"गुरुवार हाय."

बायनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग तो अंगठा हवेतच वळला आणि थोरल्या जावयाच्या कपाळावर टेकला. ताम्हन सरकवलं गेलं. विजयमालाबाई पुढं येऊन विंझणा घेऊन वारा घालू लागल्या, आणि नवऱ्याकडं त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की गॅस आणि मुलीचा निकाल दोन्ही एकदम आले असावेत. बद्रीनाथरावांनी सगळं जिंकलं. त्याच वेळी खिचडीची ताटली त्यांच्या नाकाखालून आत गेली. वर भाजलेल्या दाण्याचं कूट होतं. लिंबाची फोड होती.

"मग यांच्या वाटणीचे धोंडे?" विजयसिंहरावांनी विचारलं.

"निर्जळी उद्याच सुटंल, तवर ते शिळे. जावयाचे धोंडे जावयानंच खायचे. दोन्ही वाटण्या तुमीच खा, बापू," बायनाबाई म्हणाल्या.

"पोराला कळू देऊ नका," विजयसिंहराव म्हणाले, आणि दोन दिवसांचा उपाशी माणूस ताटावर बसला.

बद्रीनाथरावांनी आयुष्यात पुष्कळ जेवणं पाहिली होती, पण स्वतःचं ताट समोर नसताना पाहिलेलं हे पहिलंच. विजयसिंहराव धोंडा मधोमध फोडत. आतून पुरणाची वाफ निघे. त्या खळग्यात ते चमच्यानं तूप सोडत, क्षणभर थांबत, आणि डोळे मिटून घास घेत. कालपर्यंत बद्रीनाथरावांना ते पोट हवं होतं. आज त्या पोटात जे चाललं होतं ते हवं होतं. पाचव्या धोंड्याला विजयसिंहरावांनी पट्टा एक भोक सैल केला. नवव्याला आणखी एक. बद्रीनाथराव भोकं मोजत होते. त्यांना वाटलं होतं आपल्याला आनंद होईल. पण प्रत्येक भोकामागं किती पुरण गेलं, तेच डोळ्यांपुढं येत होतं.

चार वाजता जीभ टाळ्याला चिकटली. तोंड धुऊन येतो म्हणून ते न्हाणीत गेले. हंड्यात गार पाणी होतं. तांब्या उचलला आणि दारातून आवाज आला, "अहो, घोट जाईल चुकून. चूळ बी भरू नका. मी टॉवेल घेऊन उभी हाय." विजयमालाबाई पहाऱ्याला नव्हत्या उभ्या. त्या श्रद्धेनं उभ्या होत्या. श्रद्धेला फसवायला जागा नसते. बद्रीनाथरावांनी तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतलं.

निघताना बायनाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुढच्या अधिकाला बी गुरुवारच धरायचा. थोरल्या जावयाला काही करावंच लागत न्हाई."

"मला चालंल," बाजेवर आडवे झालेले विजयसिंहराव म्हणाले.

शनिवारी सकाळी आठला बद्रीनाथराव सवयीनं स्वयंपाकघरात येऊन बसले. कढई पालथी होती. साबुदाण्याचा डबा फळीवर नव्हता.

"डबा कुठं गेला?"

"शेजारी देऊन टाकला," विजयमालाबाई म्हणाल्या. चेहरा उजळलेला. "गल्लीत सगळ्यांना सांगितलं मी. आमच्यात आता उपास म्हणजे पाणी बी न्हाई. प्रियाला बी फोन केला. म्हटलं, तुझे मालक मीठ टाकून पितात, त्याला काय उपास म्हणायचं?"

तेवढ्यात विजयसिंहरावांचाच फोन आला. आवाज पडलेला.

"भाऊसाहेब, त्या धोंड्यांनी दोन किलो वाढलं. पोरगं लई बोललं. बायको तर सकाळपासून तुमचंच नाव घेऊन टोचायलीय. तुमचं वजन कसं हाय?"

"उतरायलंय," बद्रीनाथराव म्हणाले. खरं होतं ते. कालच ख्वाजानं तोललं होतं.

"नशीबवान हाव."

स्वयंपाकघरातून विजयमालाबाई कौतुकानं बघत होत्या. बद्रीनाथराव फोन घेऊन अंगणात गेले, दार ओढून घेतलं, आणि आवाज बारीक करून विचारलं :

"विजयसिंहराव, एक सांगा. पुरणात वेलदोडा होता, का जायफळ?"

पलीकडंही दार ओढल्याचा आवाज आला.

"दोन्ही होतं, भाऊसाहेब," विजयसिंहराव म्हणाले.